दहा महिन्यांनी मॅटवर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज पूर्ण सराव केला, दहा महिन्यांनी. पहिल्याच चढाईत माझा दम तुटला. चढाई 30 सेकंदांची, मी 12-13 सेकंदांतच गप्प. छातीत दम आहे, रोज सहा किलोमीटर पळते. पण डाव्या कोपऱ्यावरची बचावपटू जरा हलली, घोट्याकडे हात येतोय असं वाटलं आणि तोंडातलं 'कबड्डी' घशातच राहिलं. सरांनी शिट्टी वाजवली. "होतं गं," एवढंच म्हणाले.

गुडघा बरा आहे, हे स्वतःसाठीच लिहून ठेवते. मांडीमागची कंडरा घेऊन नवं लिगामेंट बसवलं, त्याला नऊ महिने झाले. एका पायावरच्या उड्यांमध्ये दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरावा लागतो. माझा 95 भरला. त्या दिवशी आईने शिरा केला होता.

पण फिजिओताईंनी त्याच दिवशी आणखी एक कागद पुढे ठेवला. बारा प्रश्न. पुन्हा दुखापत होईल अशी धास्ती वाटते का, खेळताना गुडघ्याचा विचार येतो का, ऑपरेशन आणि पुढचं सगळं परत करावं लागेल या विचाराने पाय मागे येतो का. एसीएल, म्हणजे गुडघ्यातल्या या लिगामेंटच्या दुखापतीनंतर खेळायला मन किती तयार आहे ते यातून मोजतात; एसीएल-आरएसआय म्हणतात त्याला. शंभरपैकी माझे 41. बरे गुण दिसावेत म्हणून खोटं लिहायचा मोह झाला होता. ताई म्हणाल्या, 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात या ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतलेले दिसले, पण स्पर्धेत परतले ते 55 टक्केच. ते ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं, मी एकटी नाही.

तेव्हापासून विनेश फोगटची आठवण येते. 2016 ला रिओत चीनच्या सुन यानानशी लढताना तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलीच कुस्ती त्याच सुन यानानशी. विनेश ती जिंकली आणि पुढे सुवर्णही. पूर्वी मला त्यातलं सुवर्णच दिसायचं. आता डोळ्यांपुढे येतो तो कुस्ती सुरू होण्याआधीचा क्षण, समोर तोच चेहरा असलेला.

कारण माझ्याही समोर तोच चेहरा असतो. आमच्या डाव्या कोपऱ्यावरची. दहा महिन्यांपूर्वी सरावात तिने माझा घोटा धरला, मी सुटायला पिळा दिला आणि गुडघ्यात ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. तिची पकड स्वच्छ होती. चूक कुणाचीच नव्हती.

आज तिसऱ्या चढाईला मी मुद्दाम तिच्याकडे गेले. उजवा पाय लांब टाकला. तिची बोटं घोट्याला लागली, नीट बसलीही. आणि तिने सोडलं. मी मध्यरेषेवर परत, मला गुण, पोरींच्या टाळ्या. मला मात्र रडू आलं. पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला गेले, तर ती मागून आली. कितीतरी वेळ बाटलीचं झाकण फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्यानंतर मी सरावात कुणाचाच घोटा धरलेला नाही. हात जातो, पण आवळत नाही. सरांना वाटतं माझं टायमिंग गेलंय."

दहा महिने मी माझ्या गुडघ्याचीच गोष्ट मनात घोळवत होते. त्या आवाजाला ती माझ्याहून जवळ होती, हे एकदाही मनात आलं नाही. तिला कुणी बारा प्रश्न विचारले नाहीत.

उद्या साडेपाचला दोघीच जाणार आहोत, बाकीच्या यायच्या आधी. चालत चढाई करायची, तिने घोटा धरायचा, मी पिळा न देता थांबायचं. दहा वेळा. सरांना मेसेज टाकलाय. मॅटची किल्ली पानवाल्या काकांकडे ठेवतो म्हणाले.