आमची वाटचाल : मजुरीच्या मागांवर पाहिलेली वाट

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. येथे विणला जाणारा बहुतेक माल आमच्या नावाने बाजारात जात नाही. व्यापारी सूत आणि नमुना देतात. आम्ही टॉवेल विणून, कापून, काठ शिवून, घड्या घालून परत करतो आणि त्याची मजुरी घेतो. स्वतःच्या जागेत, स्वतः विकत घेतलेल्या सुताचा, स्वतःच्या नावाचा जेकॉर्ड टॉवेल, म्हणजे विणीतच मोठी, गुंतागुंतीची नक्षी असलेला टॉवेल विणावा, हे आमचे स्वप्न कारखाना सुरू केला तेव्हापासूनचे आहे आणि ते अद्याप पूर्ण झालेले नाही. व्यवसायाची वाटचाल लोक बहुधा स्वप्न साकार झाल्यावर लिहितात. आम्ही ती वाट पाहत असतानाच लिहीत आहोत, कारण या वर्षांमध्ये प्रभू येशूने आम्हाला जो आनंद दिला तो सांगितल्याशिवाय आमच्या कारखान्याची हकीकत पुरी होत नाही.

या स्वप्नाचे मूळ माझ्या वडिलांकडे आहे. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच पुढे लोक जुनी गिरणी म्हणू लागले. त्यानंतर आणखी गिरण्या आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या या शहराचा दिवस भोंग्यावर उगवला. वडील अशाच एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे आमचेही घर यंत्रमागाकडे वळले आणि वडिलांनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत माग चालवले. तुटलेला धागा असा सांधावा की कापडावर हात फिरवला तरी गाठ लागू नये, हे त्यांनी मला शाळेच्या सुट्ट्यांत शिकवले. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून आमच्या पूर्वजांपर्यंत ख्रिस्ती विश्वास पोहोचला होता, आणि रात्रपाळी करून आलेले वडील रविवारच्या उपासनेला न झोपता येत असत. तक्रारीचा सूर त्यांच्या प्रार्थनेत मी कधी ऐकला नाही.

आम्ही जुने, वापरलेले माग घेऊन सुरुवात केली. तो काळ भारनियमनाचा होता. वीज गेली की सगळे माग एकदम थांबत, आणि पुन्हा सुरू करताना विणीवर आडवा पट्टा उमटू नये म्हणून कामगारांना प्रत्येक मागापाशी उभे राहून हाताने जुळवणी करावी लागे. वीज असेल तेव्हा, मग ती मध्यरात्र का असेना, काम करायचे असा आमचा क्रम झाला. माझी पत्नी हिशेब आणि शिलाई असे दोन्ही विभाग पाहू लागली व आजही पाहते. कारखाना टिकला यात तिच्या नेटकेपणाचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे.

टेरी टॉवेल कसा विणला जातो हे येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण विश्वासाविषयी मी जे शिकलो त्यातले बरेचसे मागासमोर उभे राहून शिकलो आहे. साध्या कापडाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, एक बीम (धागे गुंडाळलेला रूळ) पुरते. टॉवेलला दोन लागतात. एका बीमवरचा ताणा घट्ट ओढलेला असतो, तो कापडाचा पाया. दुसऱ्यावरचा ताणा सैल सोडलेला असतो. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर थांबवले जातात आणि तिसऱ्या धाग्याला फणीचा पूर्ण ठोका बसला की तिन्ही मिळून पुढे सरकतात. त्या वेळी घट्ट ताणा जागचा हलत नाही आणि सैल ताण्याचे धागे उभे राहून त्यांचे फासे होतात. पाणी हे फासेच शोषतात. दोन्ही बीम सारखीच ताणली तर सपाट कापड निघेल, आणि दोन्ही सैल सोडली तर काहीच निघणार नाही. वाट पाहण्याच्या काळात माणसाचे कष्ट त्या पायाच्या ताण्यासारखे घट्ट असावेत आणि फळाविषयीची त्याची मूठ दुसऱ्या ताण्यासारखी सैल असावी, असे मला त्यावरून उमगले. आनंदाला उभे राहण्यासाठी तेवढी सैल जागा लागते.

या समजुतीची कसोटी आमच्या जागेच्या व्यवहारात लागली. एका भूखंडाची बोलणी पूर्ण झाली होती, कर्जाला तत्त्वतः मंजुरी मिळाली होती आणि जेकॉर्ड मागांसाठी पायाची आखणीसुद्धा आम्ही कागदावर केली होती. ऐन वेळी कर्ज नाकारले गेले आणि भूखंड दुसऱ्याकडे गेला. त्या आठवड्यात घरच्या प्रार्थनेत आम्ही हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडालेले, शेते ओसाड, मेंढवाडा रिकामा आणि गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक सांगून संदेष्टा म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. अवर्षणाची सवय असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे वर्णन परके वाटत नाही. त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, पुढच्या हंगामात अंजिराला फळ येणारच आहे म्हणून संदेष्टा आनंद करत नाही. त्याचा आनंद ज्याच्यामध्ये आहे तो दुष्काळातही त्याच्याजवळ आहे.

येथे माझे मत स्पष्टपणे मांडतो. विश्वास पुरेसा असेल तर मनातले प्रत्येक स्वप्न देव पूर्ण करतोच, असा उपदेश अलीकडे पुष्कळदा ऐकू येतो आणि तो मला पटत नाही. अब्राहामाला वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी पाचारण झाले आणि तो शंभर वर्षांचा असताना इसहाक जन्मला, हे खरे. पण अब्राहामाला देवाने स्पष्ट वचन दिले होते. मला जेकॉर्ड मागांचे वचन कोणी दिलेले नाही. मला जे वचन मिळाले आहे ते ख्रिस्ताच्या सोबतीचे आणि तारणाचे आहे, आणि ते आजच पूर्ण मिळालेले आहे. स्वप्न हे मागणे आहे. ते मी रोज, मोकळ्या मनाने आणि लेकराच्या हक्काने मागतो, आणि मागून झाल्यावर पहिल्या पाळीचे माग सुरू करतो.

प्रेषित पौल हा स्वतः राहुट्या करणारा कारागीर होता. करिंथ येथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून तोच धंदा करत असे, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. ज्याने ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असे फिलिप्पैकरांना लिहिले तो त्या वेळी बंदिवासात होता, आणि ‘जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ असे त्याने कलस्सैकरांना लिहिले. हे दुसरे वाक्य आमच्या कारखान्यात फार उपयोगाचे ठरले. मजुरीच्या मालावर दुसऱ्याचे लेबल लागते, त्यामुळे फासा कुठे गळला, काठाची शिवण थोडी तिरकी गेली किंवा वजन किंचित कमी भरले तर आपले नाव खराब होत नाही, असा विचार सहज शिरू शकतो. आम्ही ठरवले की आपल्या नावाचा टॉवेल ज्या काळजीने तपासला असता त्याच काळजीने हा तपासायचा. दोष आढळला तर तो नग वेगळा काढून व्यापाऱ्याला दाखवायचा. याने मजुरी वाढली असे नाही. मात्र कामाला येण्याचा आनंद वाढला, हे मी आणि आमचे जुने कामगार दोघेही सांगू शकतो.

आमचे बहुतेक कामगार तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांतले आहेत. सकाळची प्रार्थना मी कार्यालयात एकटाच करतो आणि तिचा आग्रह कोणालाही करत नाही. नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेयांच्या रथोत्सवासाठी कारखाना बंद असतो, संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मागांचे तेलपाणी उरकले जाते, आणि नाताळात कांड्या भरणाऱ्या बायका आमच्या घरी फराळाला येतात. नोटाबंदीनंतर पगाराची रोकड जमवताना, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराची नवी पद्धत शिकताना, आणि २०२० च्या टाळेबंदीत सगळे माग थंडावले तेव्हा याच माणसांनी आम्हाला आणि आम्ही त्यांना धरून ठेवले. टाळेबंदी उठल्यावर सुताचे भाव इतके चढले की स्वतःच्या सुतावर माल विणण्याचा विचार पुन्हा बाजूला ठेवावा लागला. त्या वर्षीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत मी साक्ष दिली ती धंद्याच्या वाढीची नव्हती. एकाही कामगाराला कामावरून कमी करावे लागले नाही, याची होती.

व्यापाराच्या कामासाठी पुण्याला जाताना गाडी केडगावावरून जाते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तेथेच आहे. साध्यासुध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र असावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, वर्षानुवर्षे भाषांतर केले आणि मिशनच्या छापखान्यात ते छापण्याचे काम आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी चालवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते स्टेशन जवळ आले की माझे मन नेहमी त्यांच्या शेवटच्या वर्षांकडे जाते. बांधून पूर्ण झालेला ग्रंथ हातात येईल की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी मुद्रिते तशीच काटेकोर तपासली असली पाहिजेत. एरवी ते काम त्यांच्यामागे इतरांना पुरे करता आलेच नसते.

सध्या आमची स्थिती अशी आहे की, मजुरीचे काम नियमित चालू असून एक माग आम्ही स्वतःच्या मालासाठी राखून ठेवला आहे. त्यावर डॉबीच्या (लहान, साधी नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) साध्या नक्षीचे, पक्क्या रंगाचे टॉवेल थोड्या प्रमाणात निघतात आणि ओळखीच्या दुकानांतून व चर्चच्या मंडळींतून विकले जातात. सुताच्या खळीमुळे नवा टॉवेल पाणी नीट शोषत नाही, म्हणून तो चांगला धुऊनच आम्ही बाहेर देतो. यात खर्च वाढतो, पण ग्राहक पुन्हा येतो. मुलगा वस्त्रोद्योगाचा अभ्यासक्रम पूर्ण करत आहे आणि जेकॉर्डची नक्षी संगणकावर बसवण्याचे काम त्याने हाती घेतले आहे. वसाहतीतील दुसऱ्या एका शेडची बोलणी नुकतीच सुरू झाली आहेत. ती जुळली तर पहिला जेकॉर्ड माग तेथे बसेल, आणि नाही जुळली तर हाच एक माग आणखी एका पाळीत चालवायचा, असे आम्ही नवरा-बायकोने आणि कामगारांनी मिळून ठरवले आहे.