राडब्रुखच्या सेमिनारला आलेले आजोबा

हायडेलबर्गला क्रिमिनल लॉच्या चेअरवर मी असिस्टंट आहे, सेमिनार घ्यावे लागतात. परवाचा विषय होता गुस्ताफ राडब्रुख, जर्मन कायदेपंडित. आपल्याकडे एलएलबीला हार्ट-फुलर वादात (अन्यायी कायदा हा कायदा मानायचा का, यावरचा) त्यांना दोन ओळीत उरकतात, मीही तेवढंच वाचून आले होते, पण हे त्यांचं स्वतःचं विद्यापीठ, इथे वरवर शिकवून चालत नाही.

1878 चा जन्म, ल्युबेकचा. कीलला प्रोफेसर असताना 1920 च्या काप बंडात (लोकशाही सरकार उलथवायला उजव्यांनी केलेलं) बंडवाल्यांनी पकडलं, मग वायमार सरकारात, म्हणजे हिटलरआधीच्या लोकशाहीत, कायदामंत्री, 1922 ला बायकांना जज होता येईल असा कायदा त्यांच्याच काळात झाला, फाशी नसलेल्या पीनल कोडचा मसुदाही त्यांचाच. 1933 ला नाझींनी नोकरीवरून काढलं. 1939 ला मुलगी हिमस्खलनात गेली, 1942 ला मुलगा स्टालिनग्राडला. आणि हाच माणूस आधी लिहायचा की कायदा मनाला पटो न पटो, जजने तो पाळायचाच!

नाझी राजवटीनंतर त्यांनी ही भूमिका बदलली, त्या 1946 च्या लेखात ते एक केस घेतात, तीच मी वर्गात मांडली. ग्योटिग नावाच्या व्यापाऱ्याने संडासाच्या भिंतीवर लिहिलं की हिटलर खुनी आहे, युद्धाला तोच जबाबदार. पुटफार्केन नावाच्या कोर्टातल्या क्लार्कने त्याची खबर दिली, ग्योटिगला मृत्युदंड झाला आणि तो अमलातही आला. युद्धानंतर थुरिंगियातल्या कोर्टाने पुटफार्केनला खुनात मदत केली म्हणून जन्मठेप दिली. मी विचारलं, हा मदतनीस असेल तर खुनी कोण?

पोरं लगेच म्हणाली, जज. मग मी राडब्रुखचा पुढचा मुद्दा काढला, की जजवर खुनाचा ठपका ठेवायचा तर त्याने जाणूनबुजून न्याय वाकवला हे दाखवायला हवं, आणि ज्याच्या डोक्यात लिखित कायद्यापलीकडे काही शिरलंच नव्हतं त्याचा हेतू सिद्ध कसा करणार? वर्ग चिडला. एक मुलगी म्हणाली, म्हणजे जितका आंधळा तितका सुरक्षित? मला तिचं पटलं, आजही पटतं.

तेव्हा मागच्या बाकावरचे आजोबा बोलले. इकडे रिटायर्ड लोक फी भरून लेक्चरला बसतात, हे ऐंशीच्या पुढचे, आतापर्यंत नुसत्या नोट्स घ्यायचे. म्हणाले, माझे वडील त्या काळात जज होते, युद्धानंतर पुन्हा खुर्चीवर बसले, पूर्ण पेन्शन घेऊन गेले, घरात कधी विषय निघाला नाही, मीही विचारलं नाही. एवढं बोलून पेनाचं टोपण लावत बसले, ते काही लागेना, हात थरथरत होता. शेजारच्या पोराने हळूच लावून दिलं.

मला क्षणभर काही सुचलं नाही. मग जे माहीत होतं ते सांगितलं: हिटलरच्या फोल्क्सगेरिष्ट्सहोफच्या, म्हणजे राजकीय खटल्यांच्या खास कोर्टाच्या, एकाही जजची शिक्षा पश्चिम जर्मनीत टिकली नाही, एकाला 1967 ला झाली होती तीही 1968 ला वरच्या कोर्टाने रद्द केली. बर्लिन भिंत ओलांडून पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन सैनिकांना मात्र 1992 ला राडब्रुखचं त्याच लेखातलं सूत्र लावलं, की अन्याय असह्य झाला तर तो कायदाच उरत नाही. सूत्र तेच, तरी विशीतले सैनिक दोषी आणि जज मोकळे, हे मला अजून पचलेलं नाही.

आजोबांनी जाताना त्या लेखाची झेरॉक्स मागितली. दोन प्रती, म्हणाले, एक नातवाला, तो पण लॉ करतोय.