तुम्ही विचारलंत म्हणून: रमोन्सचा शेवटचाच कार्यक्रम का?

पंक (सत्तरच्या दशकातलं वेगवान, साधं रॉक संगीत) ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. ६ ऑगस्ट १९९६, लॉस एंजेलिसच्या हॉलीवूड भागातलं पॅलेस थिएटर, न्यूयॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा निरोपाचा कार्यक्रम. त्याचं चित्रीकरण आहे, पुढच्या वर्षी ‘वुई आर आउटा हिअर’ या नावानं ते बाहेर आलं, ते आधी बघा. मग ज्यांना या बँडची थोडीफार माहिती असते ते हमखास विचारतात, अहो, लंडनच्या रेनबो थिएटरमधलं १९७७चं रेकॉर्डिंग असताना हे का? तिथे चौघंही मूळचे, चौघंही तिशीच्या आतले. ते सोडून थकलेल्या माणसांचा निरोप बघायला कशाला सांगता?

प्रश्न रास्त आहे. रेनबोचा कार्यक्रम ३१ डिसेंबरच्या रात्री झाला. एका तासाच्या आत २८ गाणी, आणि त्यातलं एकही ढिलं नाही. ते रेकॉर्डिंग मला तोंडपाठ आहे आणि त्याच्याविरुद्ध मी एक अक्षरही बोलणार नाही. पण ते बघताना एक गोष्ट लक्षातच येत नाही, की हे किती अवघड काम आहे. तरुण अंगाला सगळंच सोपं दिसतं.

अवघड काय, ते सांगते. जॉनी रमोनचा उजवा हात बघा. (रमोन हे त्यांच्यातल्या कुणाचंच खरं आडनाव नव्हतं. बँडमध्ये आला की प्रत्येक जण ते लावायचा.) गिटारवर हात एकदा खाली, एकदा वर असा फिरवला तर श्रम निम्मे होतात, आणि जगभरचे बहुतेक वादक वेगाच्या गाण्यात तेच करतात. जॉनी जवळजवळ सगळं फक्त डाऊनस्ट्रोकनं वाजवायचा. हात वर जाताना तारेला लागायचा नाही, प्रत्येक आघात वरून खाली. त्यामुळे आवाज एकसारखा, करवतीसारखा येतो. मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्याला दोन आघात धरले, तर सेकंदाला सहा होतात. तासाभरात वीस हजारांच्या घरात. मी घरी गिटार घेऊन हे करून पाहिलं. पहिलं गाणं निभावलं, दुसऱ्यात मनगट भरून आलं, तिसऱ्यात माझ्या नकळत हात वरच्या दिशेनंही तार छेडायला लागला. त्या दिवशी मला हा बँड खऱ्या अर्थानं कळला. ‘तीन कॉर्ड्स (म्हणजे डाव्या हातानं दाबायचे स्वरसमूह) शिकल्या की झालं’ असं जे पंकविषयी म्हटलं जातं, ते डाव्या हातापुरतं खरं आहे. उजव्या हाताचा हिशेब वेगळा.

पॅलेसमध्ये जॉनी ४७ वर्षांचा आहे. पाय फाकवून उभा, गिटार कमरेखाली, आणि हात रेनबोत चालायचा तसाच चालतोय. उलट गाणी रेकॉर्डवरच्यापेक्षा अधिक वेगानं चाललीत. दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. एक संपलं की बास वाजवणारा ‘वन-टू-थ्री-फोर’ ओरडतो आणि दुसरं सुरू. निरोपाचा कार्यक्रम म्हटला की आपण भावपूर्ण भाषणं धरून चालतो. इथे ती जवळपास नाहीतच. रोज जसं वाजवतात तसं वाजवताहेत, एवढंच.

आणि ‘रोज’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. पॅलेसचा कार्यक्रम त्यांचा २,२६३वा होता. पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमध्ये वाजवलं ते ऑगस्ट १९७४मध्ये. म्हणजे बावीस वर्षं, दर वर्षी सरासरी शंभराहून जास्त कार्यक्रम, आणि अमेरिकेतला बहुतेक प्रवास व्हॅननं. जॉनी कार्यक्रमांच्या नोंदी वहीत ठेवायचा. मला ही वही फार महत्त्वाची वाटते. पंक म्हणजे बेशिस्त असं समजणाऱ्यांनी या माणसाकडे बघावं. पंकचा आवाज ज्यांनी ठरवला त्यांच्यातला हा एक, आणि तो गवंड्यासारखा रोज कामावर जात होता.

बदल्यात मिळालं काय? त्यांचा पहिला अल्बम १९७६मध्ये सुमारे ६,४०० डॉलरमध्ये झाला. तेव्हाच्या मानानंही ही रक्कम किरकोळच. त्याला अमेरिकेत ‘गोल्ड’ म्हणजे पाच लाख प्रतींचा दर्जा मिळाला तो २०१४च्या एप्रिलमध्ये, अडतीस वर्षांनी. तोवर गायक जोई, बासवादक डी डी आणि जॉनी तिघंही गेले होते. मूळच्या चौघांतला टॉमी तेवढा उरला होता, तोही त्याच वर्षी जुलैमध्ये गेला. रेडिओनं त्यांना कधी आपलं म्हटलं नाही. हे अन्यायाचंच होतं, आणि मी ते मवाळ शब्दांत सांगणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे चित्रीकरण बघणं काही जणांना जड जातं, तिच्याकडे येते. जोई आणि जॉनी यांच्यात अनेक वर्षं विस्तवही जात नव्हता. जोईची मैत्रीण लिंडा पुढे जॉनीची बायको झाली, आणि त्यानंतर दोघांमधलं बोलणं जवळजवळ संपलं. एकाच व्हॅनमध्ये बसायचं, एकाच मंचावर उभं राहायचं आणि एकमेकांना काही सांगायचं तर ते तिसऱ्याच्या तोंडून. लोक म्हणतात, मग हे नाटकच झालं ना? मला तसं अजिबात वाटत नाही. मैत्री होती म्हणून एकत्र वाजवणं हे कुणालाही जमेल. मैत्री संपल्यावरही ठोका न चुकवणं, समोरच्याच्या गाण्याखालची जमीन हलू न देणं, याबद्दल मला फार आदर आहे. जोई मधोमध माइकच्या दांडीला धरून, किंचित पुढे झुकलेला. शेजारी जॉनी. ते एकमेकांकडे बघोत न बघोत, आवाज एकत्रच येतो. जोईला तेव्हा कर्करोगाचं निदान झालेलं होतं आणि त्यानं ते जाहीर केलं नव्हतं. हे माहीत झाल्यावर त्या रात्रीचा त्याचा आवाज मला वेगळा ऐकू येतो. त्यातला दम संपलेला नाही, तो जपून वापरतोय, असं वाटत राहतं.

माझ्या मते त्या रात्रीचा गाभा डी डी आहे. बँडची पुष्कळ उत्तम गाणी ज्यानं लिहिली तो हा मूळचा बासवादक १९८९मध्ये बाहेर पडला होता. त्याच्या जागी आलेला सीजे जोईपेक्षा चौदा वर्षांनी लहान, आधी या बँडचा चाहता. पॅलेसला डी डी पाहुणा म्हणून येतो, स्वतःच लिहिलेलं गाणं गायला घेतो आणि शब्द विसरतो. भलत्या जागी सुरू करतो, मध्येच हरवतो. मागे बँड थांबत नाही. त्याला सावरून घ्यायला वेग कमी करत नाहीत, नव्यानं सुरुवात करत नाहीत. गाणं आपल्या गतीनं पुढे जातं आणि तो त्याला जमेल तिथे पकडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो प्रसंग कापायला हवा होता असं वाटलं होतं. आता वाटतं, तो ठेवला हे फार बरं केलं. ज्या माणसानं ‘वन-टू-थ्री-फोर’ची सवय या बँडला लावली, त्यालाच त्या गतीनं मागे टाकलेलं तिथे दिसतं, आणि तरी तो हजर आहे.

बाकी पाहुणे बरेच आहेत. रॅन्सिडचे टिम आर्मस्ट्राँग आणि लार्स फ्रेडरिक्सन, साउंडगार्डनचे ख्रिस कॉर्नेल आणि बेन शेपर्ड, पर्ल जॅमचा एडी वेडर. या सगळ्यांच्या बँडनी रमोन्सपेक्षा किती तरी जास्त रेकॉर्ड विकल्या असतील, पण त्या मंचावर ते शिकाऊ मुलांसारखे उभे राहतात. मोटरहेड या ब्रिटिश बँडचा लेमी मात्र बरोबरीचा. मोटरहेडनं रमोन्सवर एक गाणंच केलं होतं, ते तो त्यांच्याबरोबर गातो, आणि तिथे मंचावरचं वय एकदम अभिमानाचं होऊन जातं.

माझी एक तक्रार आहेच. शेवटचं गाणं त्यांचं स्वतःचं नाही. साठच्या दशकातल्या डेव्ह क्लार्क फाइव्ह या ब्रिटिश बँडचं आहे, वेडरला सोबत घेऊन गायलेलं. भैरवी आपल्या घरातली हवी होती, असं मला बरीच वर्षं वाटायचं. हळूहळू मत थोडं बदललं. ही माणसं लहानपणी रेडिओवर असलीच दोन-अडीच मिनिटांची गाणी ऐकून मोठी झाली, आणि तेवढ्याच लांबीची गाणी आयुष्यभर वाजवत राहिली. तरी तो कार्यक्रम न्यूयॉर्कमध्ये व्हायला हवा होता, हे माझं म्हणणं कायम आहे. क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सची ही मुलं, आणि निरोप देशाच्या दुसऱ्या टोकाला.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रेनबो बघू नका असं मी कधीच म्हणणार नाही, फक्त क्रम बदला. आधी पॅलेस बघा, सलग, आवाज मोठा ठेवून. जॉनीच्या मनगटाकडे लक्ष ठेवा. एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग रेनबो लावा. डी डी चार आकडे ओरडतो, जॉनीचा हात खाली येतो, आणि तुम्हाला माहीत असतं की तो अजून साडेअठरा वर्षं असाच खाली येत राहणार आहे.