क्रूझच्या दिवशी टर्मिनलला नक्की किती वाजता पोहोचायचं? – माझा अनुभव

क्रूझच्या बोर्डिंग पासवर दोन वेळा ठळक दिसतात. एक आपला स्लॉट, म्हणजे टर्मिनलच्या दारात हजर व्हायची वेळ. दुसरी बोट सुटायची. तिसरी, चेक-इन बंद व्हायची, बारीक अक्षरांत खाली कुठेतरी असते. चौथी कुठेच छापलेली नसते, पण अख्खा दिवस तिच्यावर चालतो: आधीच्या फेरीचा शेवटचा प्रवासी बोटीवरून उतरला ती वेळ. हे आधी कळलं असतं तर टर्मिनलबाहेरच्या फुटपाथवर बॅगा सांभाळत दोन तास पन्नास मिनिटं उभं राहावं लागलं नसतं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

ऑनलाइन चेक-इनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पासपोर्टचं फोटोचं पान स्कॅन करायचं, चेहऱ्याचा फोटो द्यायचा, बोटीवरच्या खर्चासाठी कार्ड जोडायचं, तातडीच्या संपर्काचं नाव भरायचं. माणशी दहा मिनिटं. फक्त चेक-इन कधी खुलं होतं ती तारीख लिहून ठेवा. ती कंपनीप्रमाणे बदलते, कुठे बोट सुटायच्या ४५ दिवस आधी, कुठे दोन-तीन आठवडे. स्लॉट तेव्हाच निवडायचा असतो आणि सकाळचे स्लॉट भराभर संपतात.

आता फुटपाथ.

आपल्याला सवय विमानतळाची. तीन तास आधी जा, आत घेतात, बसायला मिळतं, लवकर गेल्याने नुकसान काही नाही. बंदरावर हा हिशेब चालत नाही, कारण तिथे आपण येतो तेव्हा आपली बोट अजून दुसऱ्या लोकांची असते. बोट पहाटे पाच-सहाच्या सुमारास धक्क्याला लागते. सातपासून दहापर्यंत आधीच्या फेरीचे प्रवासी उतरतात. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या बोटीत ७,६०० पर्यंत प्रवासी मावतात. एवढी माणसं उतरणार, जवळपास तेवढीच चढणार, त्यांच्या हजारो बॅगा खाली-वर होणार, पुढच्या फेरीचा शिधा फोर्कलिफ्टने आत जाणार, केबिन झाडून-पुसून चादरी बदलणार. हे सगळं उरकून संध्याकाळी चार-पाचला बोट सुटायची.

यात गाडं अडतं ते उतरलेल्या माणसांच्या मोजणीपाशी. अमेरिकेतल्या बंदरांत जुने प्रवासी शून्यावर आल्याशिवाय नवा माणूस चढत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांचं तिकीट असलेल्यांनाही तपासणीसाठी खाली उतरावं लागतं आणि शून्य झाल्यावरच परत वर सोडतात. उतरताना प्रत्येकाचं केबिनचं कार्ड गँगवेवर, म्हणजे बोट आणि धक्क्यामधल्या पुलावर, स्कॅन होतं. कुणी केबिनमध्ये झोपून राहिला, कुणी नाश्त्याच्या टेबलावरून हलला नाही, कुणाचं कार्ड स्कॅन व्हायचं राहून गेलं, की आकडा दोनवर किंवा एकवर थांबतो. मग त्यांच्या नावाने घोषणा होतात, केबिन तपासतात. तेवढा वेळ खाली दोन-तीन हजार माणसं ताटकळत असतात, आणि त्यांना कुणीही सांगत नाही की वर एकाच माणसाचा शोध चाललाय. मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा. उशीर समजू शकतो. कारण न सांगता माणसांना उन्हात उभं करणं समजू शकत नाही.

मोजणी अडली नाही तरी उशीर होतो. धुक्यात बंदराचं तोंड बंद ठेवलं तर बोट बाहेर समुद्रातच थांबते. मेक्सिकोच्या आखातावरच्या गॅल्व्हस्टन आणि टॅम्पा इथे हिवाळ्यात असं धुकं पडतं. आधीच्या फेरीत उलट्या-जुलाबाची साथ आली असेल तर निर्जंतुकीकरणाला जादा वेळ लागतो. आमची बोट धुक्यामुळे उशिरा लागली. कंपनीने सगळे स्लॉट दीड तास पुढे ढकलले आणि सकाळी साडेसहाला ईमेल पाठवला. तो आम्हाला मिळालाच नाही, कारण बुकिंग एजंटमार्फत होतं आणि बुकिंगमध्ये संपर्क म्हणून एजंटचा ईमेल आणि फोन होता. एजंटचं ऑफिस उघडतं दहाला. आम्ही पावणेअकरालाच टर्मिनलच्या दारात.

कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये स्वतःच्या नावाने लॉग-इन करून संपर्काच्या रकान्यात आपला चालू नंबर आणि आपला ईमेल आहे ना, हे बघा. परदेशात जाऊन सिम बदलणार असाल तर तो नवा नंबर द्या. ॲपच्या सूचना सुरू ठेवा. एजंटने काय भरलंय ते नुसतं विचारू नका, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

दुसरा घोळ दोन केबिनचा. एका कुटुंबाच्या दोन केबिन असल्या तरी कंपनीच्या लेखी ती दोन वेगळी बुकिंग असतात. आई-बाबांच्या केबिनचं चेक-इन खुलं झालं त्याच रात्री केलं, स्लॉट मिळाला अकराचा. आमचं दोन दिवसांनी केलं, स्लॉट मिळाला साडेबाराचा. दारातल्या माणसाने दोन पास बघितले आणि शांतपणे म्हणाला, ‘अकरावाले या रांगेत, साडेबारावाले दोरीच्या पलीकडे.’ आईला व्हीलचेअर लागते. मदतीची विनंती आधी नोंदवलेली होती, तरी खुर्ची नव्हती, कारण टर्मिनलच्या खुर्च्या तोपर्यंत उतरणाऱ्या प्रवाशांना न्यायला गुंतलेल्या होत्या. त्यामुळे व्हीलचेअर हवी असेल तर पहिला स्लॉट घेऊच नका. बाराच्या आसपासचा बरा. आणि दोन्ही केबिनची चेक-इन एकाच बैठकीत करा, दोन फोन शेजारी ठेवून, स्लॉट निवडायच्या पडद्यावर दोघं एकदम पोहोचेपर्यंत थांबून.

मग स्लॉट कोणता चांगला? माझं मत: बोर्डिंग साधारण अकरा ते साडेअकराला सुरू होतं, तेव्हा पहिला अर्धा तास सोडून पुढचा. पहिल्या अर्ध्या तासात सूटवाले, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनवाले, आणि कंपनीचे जुने सदस्य आधी जातात, उशीर झालाच तर त्याचा पूर्ण मार पहिल्या स्लॉटला बसतो. बारा ते एक गर्दी जास्त असते. दीडनंतर रांगा ओसरतात, केबिनही साधारण एक-दीडपर्यंत तयार होतात, त्यामुळे ज्यांना दुपारच्या जेवणाची आणि तरणतलावाची घाई नाही त्यांनी दीडचा स्लॉट बिनधास्त घ्यावा. स्लॉट अर्ध्या तासाचा असेल तर त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत दारात पोहोचा. तासभर आधी नाही. स्वतःची गाडी लावणार असाल तर आणखी एक गोष्ट: दहा-साडेदहापर्यंत टर्मिनलचं पार्किंग आधीच्या फेरीच्या गाड्यांनी भरलेलं असतं आणि त्या बाहेर पडत असतात. लवकर गेलात तर फाटकातच अडकाल.

उशिराचा हिशेब वेगळा, आणि तिथे धोका खरा आहे. चेक-इन बोट सुटायच्या आधी बहुतेक ठिकाणी तास ते दीड तास बंद होतं, काही कंपन्या त्याहूनही आधी बंद करतात. हा उगाच केलेला नियम नाही. अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटीला प्रवाशांची पक्की यादी सुटायच्या किमान ६० मिनिटं आधी तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे पाठवावी लागते. यादी गेली की काउंटरवरचा माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. धक्क्यावर बोट डोळ्यांसमोर उभी दिसते आणि चढता येत नाही.

बोट चुकली तर पुढच्या बंदरात गाठू, असंही समजू नका. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी नोंदणीच्या बोटीला प्रवासी एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन सोडता येत नाहीत, आणि जवळपास सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी परदेशी नोंदणीच्याच असतात. सिॲटलला बोट चुकली आणि अलास्कात केचिकनला चढून परत सिॲटलला उतरायचं म्हटलं, तर याच कायद्यात अडकतं.

म्हणून विमान त्याच दिवशी नको, आदल्या दिवशी पोहोचा. जाहिरातीतल्या शहराच्या नावावरही जाऊ नका. ‘रोम’ म्हणतात ते बंदर चिव्हितावेक्कियाला आहे, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘लंडन’ बहुधा साउथहॅम्प्टन असतं, सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. ‘पॅरिस’ म्हणजे ल आव्र, जवळजवळ दोनशे. ‘ऑरलँडो’ म्हणजे पोर्ट कॅनव्हरल, विमानतळापासून सत्तरच्या घरात. आणि बंदर बरोबर असलं तरी टर्मिनल चुकू शकतं. साउथहॅम्प्टनला पाच क्रूझ टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांना लागून नाहीत. टॅक्सीवाल्याला बोटीचं नाव सांगण्यापेक्षा पासवरचं टर्मिनलचं नाव दाखवा.

दारातून आत गेल्यावर मात्र सगळं वीस मिनिटांत झालं. अडकतात ते कागदांवर. शेंगेन भागातून, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांतून, बोट बाहेर जाऊन परत येणार असेल आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर काउंटरवरच थांबवतात. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर असेल तर संमतिपत्र मागू शकतात. फेरी संपेपर्यंत गरोदरपणाचा २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, त्याआधी असेल तर डॉक्टरांचं पत्र मागतात. सहा महिन्यांखालचं बाळ नेता येत नाही, लांबच्या समुद्री फेऱ्यांना ही मर्यादा वर्षाची असते. यातलं काही लागू होत असेल तर स्लॉट लवकरचा घ्या, घोळ निस्तरायला हाताशी वेळ राहतो.

बॅगांचं आधी सांगायला हवं होतं. टर्मिनलच्या दारात हमाल मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येतात दुपार उलटल्यावर, कधी रात्रीच्या जेवणाच्या वेळी. पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, लहान मुलांचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये. पासपोर्ट मोठ्या बॅगेत गेला आणि ती बॅग बोटीच्या पोटात गेली, की ती शोधेपर्यंत चेक-इन थांबलंच. बॅगांना लावायचे केबिन नंबरचे टॅग घरीच छापून, चार घड्या घालून, हँडलला गुंडाळून दोन्ही टोकांना स्टेपल करा. एक पिन पुरत नाही, हमालाच्या पहिल्याच हिसक्याला कागद फाटतो. सर्ज प्रोटेक्टरची एक्स्टेन्शन कॉर्ड, इस्त्री किंवा किटली बॅगेत असेल तर ती बॅग सिक्युरिटीकडे अडकवून ठेवतात आणि ती सोडवायला खाली जावं लागतं.

बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दारात हजार फोन एकाच टॉवरवर असतात, ॲप उघडता उघडत नाही. उन्हात क्यूआर कोड स्कॅन होत नाही, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. पासपोर्टचं कव्हर काढून हातात धरा.

वर गेल्यावर जेवणाआधी मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याचा सराव, उरका. कोस्टा काँकॉर्डिया या क्रूझ बोटीच्या जानेवारी २०१२च्या अपघातानंतर नियम कडक झाले, १ जानेवारी २०१५पासून हा सराव बोट सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावाच लागतो. आता बऱ्याच कंपन्यांत फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्याला नेमून दिलेल्या जमायच्या जागेवर जाऊन कार्ड स्कॅन करायचं, एवढंच असतं. दुपारी एकला तिथे पाच मिनिटं लागतात. साडेतीनला अख्खी बोट तिथे लोटते.

आणि हे सगळ्यात उपयोगी, मला फार उशिरा सुचलं. बोटींची जागा नकाशावर दाखवणाऱ्या मरीनट्रॅफिकसारख्या साइट असतात. निघायच्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाला त्यावर आपल्या बोटीचं नाव टाका. ती धक्क्याला लागलेली दिसली तर स्लॉट धरून निघा. अजून समुद्रातच दिसली तर ईमेलची वाट बघत बसू नका, हॉटेलला खोली तास-दोन तास उशिरा सोडता येईल का ते लगेच विचारा आणि मगच नाश्त्याला जा.