सीनियर मिशनचे कागद: बोटांचे ठसे, अपोस्टिल आणि बाकीचं (आमचा अनुभव)

लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये (लोक मॉर्मन म्हणतात ते) निवृत्त जोडप्यांना मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवेसाठी ठरावीक मुदत दुसरीकडे राहायला, जाता येतं. मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने, आणि खर्च आपला आपण करायचा. ऑनलाइन अर्ज, बिशपची (आपल्या मंडळीच्या प्रमुखाची) मुलाखत, स्टेक प्रेसिडेंटची (अनेक मंडळ्यांवरच्या प्रमुखाची) मुलाखत, मग कॉल, म्हणजे कुठे जायचं ते सांगणारं चर्चचं पत्र. आम्हाला फिलिपिन्स मिळालं. इथवर सगळं इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती व्हिसासाठी लागणाऱ्या पोलिस दाखल्यावर, आणि तीही हिच्या बोटांच्या टोकांवर. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून आधी तेच लिहितो.

आम्ही न्यू जर्सीचे, पासपोर्ट अमेरिकन. अमेरिकन नागरिकाचा पोलिस दाखला म्हणजे एफबीआयचा (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा) ‘आयडेंटिटी हिस्टरी समरी’. फी माणशी १८ डॉलर. नवराबायकोचा अर्ज एकत्र होत नाही, दोन अर्ज, दोन फिया. ठसे द्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे एफडी-११६४ फॉर्मवर शाईचे ठसे घेऊन पोस्टाने वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला पाठवायचे. दुसरा, एफबीआयच्या साइटवर अर्ज करून ही सोय असलेल्या पोस्ट ऑफिसात यंत्रावर ठसे द्यायचे, त्याचे पोस्टाला वेगळे ५० डॉलर. ठसे वाचता आले नाहीत तर अर्ज परत येतो आणि पुन्हा ठसे द्यावे लागतात.

साठी उलटली की ठसे नीट उठत नाहीत, हे आधी कोणी सांगत नाही. कातडीचा ताण कमी होतो, रेषा सपाट होतात, बोटं कोरडी पडतात. जन्मभर भांडी घासलेली, साबणाच्या पाण्यात राहिलेली बोटं असतील तर विचारूच नका. भारतात आधार केंद्रावर आजीआजोबांचे ठसे उठत नाहीत, तोच प्रकार. कॅपेसिटाबिन नावाचं कॅन्सरचं औषध घेतलं असेल तर रेषा जवळजवळ नाहीशा होऊ शकतात. तसं असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन ठेवा.

शाईचे ठसे घेणाऱ्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथल्या पोराने हिचं बोट शाईवर असं दाबलं, जणू लिंबू पिळतोय. चूक नेमकी तिथेच होते. जोर दिला की आधीच उथळ असलेल्या रेषा आणखी दबतात, मधल्या फटींत शाई भरते आणि कार्डावर नुसता काळा डाग उमटतो. हलका हात हवा. शाई अगदी पातळ हवी. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात फिरवायचं, मागेपुढे नाही. अंगठे शरीराकडे, बाकीची बोटं शरीरापासून दूर. आपण हात सैल सोडायचा. मदत करायला जाल तर ठसा फासला जातो. रेषा उठवायची एक युक्ती आहे: हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवायचा आणि बोट मुळापासून टोकाकडे हलकं निपटत आणायचं, म्हणजे टोकात रक्त उतरतं. मुरलेल्या माणसाला ही माहीत असते. माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा, उगाच भिडेखातर बसून राहू नका.

घरची तयारी अशी: आधीचे आठ-दहा दिवस रोज रात्री हाताला साधं मॉइश्चरायझर, भांड्यांना रबरी मोजे, सॅनिटायझर पूर्ण बंद. ठसे द्यायच्या दिवशी मात्र क्रीम लावायचं नाही, बोट घसरतं. कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करायचे. कार्ड हातात आलं की तिथेच भिंग लावून बघा. रेषा वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत. एखाद्या चौकटीत बिघडलं तर वर चिकटणारी कोरी कागदी पट्टी लावून तिच्यावर पुन्हा घेता येतं, पण एका चौकटीत दोनच पट्ट्या चालतात. शक्य असेल तर एका बैठकीत दोन-तीन कार्डं करून घ्या आणि सगळी एकाच पाकिटात पाठवा. यंत्रावर देत असाल तर ठशाची प्रत पडद्यावर दिसते. ती दाखवा म्हणायचं, आणि लाल दिसलं तर पुन्हा घ्या म्हणायचं. लाजायचं काय त्यात, पैसे आपण मोजलेत.

त्याच दुकानाने वर आग्रह धरला की दाखला आला की घेऊन या, नोटरी करून देतो. अजिबात करू नका! एफबीआयचा दाखला हा केंद्र सरकारचा कागद. त्यावर नोटरीचा शिक्का बसला की अपोस्टिलच्या (कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं सरकारी प्रमाणपत्र) दृष्टीने तो बाद. त्यावर अपोस्टिल लागतं ते वॉशिंग्टनच्या स्टेट डिपार्टमेंटचं (परराष्ट्र खात्याचं), आपल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं नव्हे. लग्नाचा दाखला मात्र राज्याचा कागद, त्याचं अपोस्टिल राज्यातच. ही गल्लत जवळजवळ प्रत्येक जोडप्याची होते, आणि कागद तसाच कोरा परत येईपर्यंत महिना जातो.

अपोस्टिलसाठी फॉर्म डीएस-४१९४ भरायचा, त्यात देशाचं नाव ठळक लिहायचं, दर कागदाला २० डॉलरचा चेक आणि पैसे भरलेलं परतीचं पाकीट जोडायचं. टपालाने पाच आठवडे किंवा जास्त धरा. दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणजे ठसे परत येण्यात दोन महिने गेले की उरलेलं गणित कसं जमवायचं ते बघा. म्हणून क्रम असा ठेवा: कॉल हातात पडला की त्याच आठवड्यात ठसे, बाकी सगळं नंतर. फिलिपिन्स १४ मे २०१९ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे वर वकिलातीचा शिक्का लागत नाही. जुनी जोडपी तो लागतो म्हणून सांगतील, त्यांच्या वेळी लागतही असेल. आणि अपोस्टिलला लावलेली पिन काढू नका. स्कॅन करायचं तर पान वळवून करा.

वैद्यकीय फॉर्मचं एकच सांगतो. लहानपणी भारतात बीसीजी टोचलेली असेल तर टीबीची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि फेऱ्या. पहिल्यापासून रक्ताची आयजीआरए चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. दाताचं काम राहिलं असेल तर आधी उरका.

तिथे गेल्यावरचं रोजचं आयुष्य तरुण मिशनऱ्यांसारखं नसतं. साडेसहाला उठायची सक्ती नाही, दारोदार फिरण्याचा कोटा नाही. काम काय ते मिशन प्रेसिडेंट ठरवतात. आमच्याकडे पोरांच्या भाड्याच्या घरांची देखभाल होती. आधी वाटलं हलकं काम, पण दिवस त्यातच जातो. घरमालक बहुधा एक महिन्याचं भाडं आगाऊ आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतात, शिवाय वर्षभराचे पुढच्या तारखांचे चेक. त्या चेकांची वही नीट ठेवली नाही तर पोरं दुसरीकडे हलली तरी जुन्या मालकाचे चेक वटत राहतात.

घर तपासताना पहिली नजर खिडकीच्या जाळीवर. तिकडे खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या असतात. आग लागली तर बाहेर पडायला आतून उघडणारी एक तरी जाळी हवी, आणि तिची किल्ली जाळीपाशीच पण बाहेरून हात पोचणार नाही अशी. मग धुराचा अलार्म बटण दाबून वाजवायचा. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का बघायचं. गॅस ११ किलोच्या टाकीचा, त्याच्या नळीला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहायचं. कपाट भिंतीपासून ओढून मागची बुरशी बघायची. शेवटी न्हाणीघरातलं पाण्याचं पिंप. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. आठवड्यातून एकदा ब्रशने घासायलाच हवं. पोरं मान डोलावतात आणि घासत नाहीत, पुढच्या वेळी आत बोट फिरवून बघायचं.

सामानाचं सांगायचं राहिलं. तिथले प्लग अमेरिकेसारखे चपट्या पिनांचे, पण वीज २२०-२३० व्होल्टची. पिन आत जाते म्हणून राइस कुकर खुशाल लावला तर जळून खाक. मागे १००-२४० लिहिलं असेल तेच न्या. झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप मशीन बहुतेक दोन्हींवर चालतं, तरी लेबल वाचा. प्यायचं पाणी पाच गॅलनच्या कॅनमध्ये येतं, भरलेला कॅन १९ किलोच्या आसपास. तो उचलून उलटा करायचा आपलं वय नाही, तोंडाला बसणारा हातपंप घ्या.

जेवणाची काळजी करू नका. भात आहे, सुकी मासळी आहे, मूग सगळीकडे मिळतात. मलुंगाय म्हणजे आपला शेवग्याचा पाला, गाबी म्हणजे अळू, ते नारळाच्या दुधात शिजवतात. तूरडाळ सहज मिळेल असं धरू नका. हिंग मात्र घरून न्या.

पैशांचं: २०११ मध्ये चर्चने परदेशी जाणाऱ्या जोडप्यांनी घरासाठी भरायच्या रकमेला महिना १,४०० डॉलरची मर्यादा घातली. तुमच्या कॉलच्या वेळी तिचा आकडा काय आहे ते विचारून घ्या. मेडिकेअर (अमेरिकेचा म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) देशाबाहेर जवळजवळ काहीच देत नाही, त्यामुळे वेगळा विमा लागतोच. मग पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, त्याचा हप्ता दरमहा) कशाला भरायचा म्हणून लोक तो बंद करतात आणि परतल्यावर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांना १० टक्के दंड कायमचा बसतो. परदेशात निदान १२ महिन्यांच्या सेवेवर गेलेल्यांना, संस्था करमुक्त असेल आणि तिथे आरोग्य विमा असेल तर यातून सूट आहे. म्हणजे सहा महिन्यांच्या मिशनवाल्यांनी पार्ट बी चालूच ठेवावा. बाकीच्यांनी सेवेच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहिलेलं पत्र, सोबत विम्याचा पुरावा, निघण्याआधी मिशन ऑफिसकडून हातात घ्यावा.