मावशींची पेटी

गेले दोन आठवडे रिसर्चसाठी ठाण्यातल्या बेघरांच्या निवारा केंद्रांत फिरतेय. नियम पाठ झालाय, 1 लाख लोकसंख्येमागे 100 जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट, पण काल एका मावशींशी बोलत बसले आणि फॉर्म बाजूलाच राहिला. पत्र्याची छोटी पेटी, किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात, आत आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मुलाचा फोटो. म्हणाल्या, "फुटपाथवर पिशवी उशाला घेऊनपण झोप लागायची नाय गं." न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून हाऊसिंग फर्स्टवाले हेच सांगतायत ना, बेघर माणसाला आधी स्वतःचं घर, स्वतःचं दार द्या, व्यसन, औषधं, कामाचं मग बघू! इथे केंद्रानंतर पुढे कुठे, हे मला अजून कुणी सांगू शकलं नाही. शनिवारी परत जातेय, मावशींनी फोटोला फ्रेम आणायला सांगितलीय.