विलीज एमबी: मधूनच येणारा प्ले सापडला, आता मधल्या जड जागेचा माग

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपच्या स्टिअरिंगमध्ये मधूनच येणारा प्ले (चाकं न वळता स्टिअरिंग फिरणारी मोकळी हालचाल) सापडला. स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा पिटमन आर्म ज्या दांड्याने पुढच्या ॲक्सलकडे हालचाल पोचवतो ती ड्रॅग लिंक. तिच्या मागच्या, म्हणजे पिटमन आर्मकडच्या टोकातली स्प्रिंग तुटलेली निघाली. ती ज्या प्रकारे तुटली होती त्यावरून हेही कळलं, की उभ्या गाडीवर हा दोष कधीच का दिसत नव्हता. पण तो दूर झाल्याबरोबर त्याच्यामागे दडलेला दुसरा दोष पुढे आला. त्याबद्दल या लेखात पुढे.

आधी लक्षणं पुन्हा एकदा. एरवी स्टिअरिंगच्या रिमवर इंचभर प्ले. खड्ड्यात पुढच्या ॲक्सलला एक जोराचा हादरा बसला की तोच प्ले तीन इंचांवर. पुढे एखाद्या वळणावर फुल लॉक मारलं, म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं, की परत इंचभर. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे एन्ड (टोकांचे जोड) नवे आहेत. किंगपिनची (चाक जिच्याभोवती डावं-उजवं वळतं ती पिन) बेअरिंगं शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून बसवलेली आहेत (सील काढून, चाक वळवणाऱ्या नकल आर्मच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ४ ते ६ पौंडांची ओढ). व्हील बेअरिंगमध्ये हालचाल नाही. टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत झुकलेली ते माप) मॅन्युअलप्रमाणे ३/६४ ते ३/३२ इंचांच्या मध्ये.

इथे सुटे भाग बदलत सुटण्याआधी थोडं गणित केलं तर शोध बराच आवळता येतो. एमबीच्या रॉस कंपनीच्या स्टिअरिंग बॉक्सचा रेशो १४-१२-१४, म्हणजे मध्यावर १२ ला १ (स्टिअरिंग १२ अंश फिरलं की पिटमन आर्मचा शाफ्ट १ अंश). स्टिअरिंग व्हील साधारण १७ इंची, म्हणजे त्रिज्या सुमारे २१५ मिमी. रिमवरचे जादा दोन इंच म्हणजे ५० मिमी, म्हणजे साधारण १३ अंश. त्याला १२ ने भागलं की पिटमन शाफ्टवर १.१ अंश. आर्मची लांबी १५० मिमी धरली तर आर्मच्या बॉलपाशी जेमतेम ३ मिमी. तेव्हा शोधायची होती ती लिंकेजमधली ३ मिमीची हालचाल, आणि तीही येणारी-जाणारी. झीज अशी येत-जात नाही. बॉक्समधल्या पिना झिजल्या तर तो प्ले कायमचा असतो. प्ले येतो आणि जातो, तेव्हा एखादा भाग जागा बदलून पुन्हा जागेवर बसत असतो. असे संशयित चारच: चॅसिसवर हलणारा बॉक्स, शाफ्टवर सैल झालेला पिटमन आर्म, ॲक्सलवरच्या बैठकीत डुगडुगणारी बेल क्रँकची (ड्रॅग लिंकची हालचाल टाय रॉडकडे वळवणारा कोनी आर्म) पिन, आणि ड्रॅग लिंकची दोन टोकं.

नेहमीची पद्धत म्हणजे गाडी चाकांवर उभी, एकाने स्टिअरिंग झटक्याने डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोटं ठेवायची. कायमच्या प्लेसाठी याहून चांगली पद्धत नाही. इथे मात्र तिने काहीच सांगितलं नाही, कारण गाडी गॅरेजपर्यंत येईतो दोष परत आत गेलेला असायचा. मग चालत्या गाडीतच पुरावा उमटवायचं ठरलं. बॉल स्टडच्या मानेला होज क्लिपने कडक तारेचा तुकडा आवळायचा. लिंकच्या खाचेच्या कडेला मास्किंग टेप चिकटवायची. तारेचं टोक टेपला हलकं टेकलेलं हवं. आधी उभ्या गाडीवर लॉक टू लॉक फिरवून नेहमीच्या हालचालीचा ओरखडा किती लांब येतो ते मोजून ठेवायचं, कारण बॉल कलतो तेव्हाही थोडी रेघ उमटतेच. मग नवी टेप लावून खराब रस्त्यावर फेरी. ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, बेल क्रँक आणि बॉक्स-चॅसिस अशा चारही ठिकाणी एकाच वेळी लावलं. तीन टेपांवर नेहमीचीच रेघ आली. पिटमनकडच्या टेपवर रेघ तब्बल ३ मिमी जास्त लांब. गणितातून आलेला आकडा टेपवर उमटलेला पाहण्यासारखं समाधान दुसरं नाही.

टोक उघडताना दोन गोष्टी पाळा. स्प्लिट पिन काढल्यावर प्लग सोडवण्याआधी तो आत आवळून पाहा, अजून किती फिरतो ते. आणि भाग बाहेर येतील तसे क्रमाने फडक्यावर मांडून फोटो काढा, कारण दोन्ही टोकांतला बॉल सीट आणि स्प्रिंगचा क्रम सारखा नसतो. प्लगच्या रुंद खाचेत साधा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, खाचेची कड गोल होते. लीफ स्प्रिंगच्या पट्टीचा तुकडा खाचेच्या जाडीइतका घासून त्याला नट वेल्ड केला की पान्याने सरळ फिरवता येतो.

आपला प्लग एक सूतही आत गेला नाही. कधीतरी प्ले घालवायच्या नादात कुणीतरी तो पूर्ण आवळून टाकला होता. मॅन्युअल स्पष्ट सांगतं: पुढच्या, बेल क्रँककडच्या टोकाचा प्लग घट्ट आवळून अर्धा फेरा मागे, मागच्या, पिटमनकडच्या टोकाचा घट्ट आवळून पूर्ण एक फेरा मागे. मग स्प्लिट पिनचं भोक जुळवायचं. तो फेरा मागे घेतला नाही तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात, ती दबायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याचा मार सरळ तारेवर बसतो. त्यात गंजाचे खड्डे पडलेले असले की तार तिथेच तुटते.

स्प्रिंग बरोबर मध्यावर तुटली होती. दोन्ही तुकड्यांची तुटकी टोकं एकमेकांवर टेकलेली असली की एकूण उंची जवळपास मूळ स्प्रिंगइतकीच भरते आणि बॉल घट्ट राहतो. हादरा बसला की टोक घसरून एक तुकडा दुसऱ्याच्या वेढ्यात शिरतो. वर्नियरने मोजलं तर उंची ३ मिमीच्या थोडी वर कमी होते. फुल लॉकला लिंकवर उलटा जोर आला की तुकडे पुन्हा वेगळे होऊन टोकाला टोक लागतं. दोष यायचा कसा आणि जायचा कसा, दोन्ही या दोन तुकड्यांत दिसलं.

ज्यांच्या एमबी किंवा जीपीडब्ल्यूवर (फोर्डने बनवलेली हीच जीप) असंच होतंय त्यांनी बॉलही तपासावा. मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांत मापून फरक पाहा. बॉल एका बाजूने चपटा झाला असेल तर नवी स्प्रिंग घालूनही उपयोग नाही. सरळ चालताना सैल आणि वळताना आवळ असं होत राहतं. आपला बॉल ०.१ मिमीच्या आत गोल निघाला.

बाजारात मिळालेल्या दुरुस्ती किटबद्दल मत चांगलं नाही. सीटवर कानस चालवली तर ती लोण्यासारखी कापली गेली, म्हणजे साधं माइल्ड स्टील, कुठलंही हार्डनिंग नाही. स्प्रिंगची तारही मूळ तारेपेक्षा बारीक. सीट कोल्हापुरात उद्यमनगरला ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादातून टर्न करून हार्डन आणि टेंपर करून घेतल्या. मूळ सीट नमुना म्हणून द्या आणि बॉलचं मापही सोबत द्या, कारण झिजलेल्या सीटवरून त्रिज्या काढली तर ती चुकीचीच येणार. स्प्रिंग ऑइल टेंपर्ड तारेची, जुन्याच जाडीची. पुढच्या टोकाची स्प्रिंग शाबूत होती, तरी जोडीने बदलली. निपलमधून नवीन ग्रीस धुळीच्या वॉशरमधून बाहेर येईपर्यंत भरलं. तीन इंची प्ले त्यानंतर एकदाही आलेला नाही.

आता दुसरा दोष. लिंकेज घट्ट झाल्यावर हाताला स्वच्छ जाणवतंय, की सरळ जाताना इंचभर प्ले आहेच, आणि किंचित उजवीकडे वळवलं की एका जागी स्टिअरिंग जड होतं. उजवं वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ व्हायला हवीत, ती त्या जागेपाशी येऊन थांबतात. आधी हे सगळं त्या सैल स्प्रिंगमध्ये विरून जात होतं.

रॉसच्या कॅम-अँड-लिव्हर बॉक्समध्ये स्टिअरिंगबरोबर खाच असलेला कॅम फिरतो आणि त्या खाचेत बसलेल्या पिना लिव्हर शाफ्ट, म्हणजे पिटमनचाच शाफ्ट, फिरवतात. त्यात अशी एक आवळ जागा असायलाच हवी. कॅमची खाच मध्यावर मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, म्हणजे सरळ चालताना प्ले नसावा. पण ती जागा बरोबर सरळ चाकांवर यायला हवी. ड्रॅग लिंक सोडवून स्टिअरिंग लॉक टू लॉक मोजलं तर बॉक्सची आवळ जागा त्याच्या स्वतःच्या मध्यावर अचूक आहे. चाकं सरळ असताना मात्र बॉक्स मध्यापासून जवळपास एक तृतीयांश फेरा डावीकडे उभा असतो. म्हणजे गाडी सरळ जाते तेव्हा पिना खाचेच्या सैल भागात असतात. हा प्ले मारण्यासाठी साइड कव्हरचा स्क्रू आवळला गेला असणार, आणि त्यामुळे खरी आवळ जागा आता गच्च झाली आहे.

पहिला बेत असा होता: पिटमन आर्म ओढून काढायचा, शाफ्टवरची आणि आर्मवरची खूण जुळते का पाहायचं, आणि त्याच वेळी नव्या लिव्हर शाफ्टची ऑर्डर द्यायची. पण हे लिहिता लिहिता टो-इनच्या नोंदीकडे पुन्हा पाहिलं. त्या वेळी टो-इन फक्त एकाच टाय रॉडवर जुळवलं होतं. एमबीला दोन स्वतंत्र टाय रॉड आहेत, डावा आणि उजवा, मध्ये बेल क्रँक. एकच रॉड लांब-आखूड केला तर टो-इन बरोबर येतं, पण चाकं सरळ असताना बेल क्रँक तिरका राहतो, आणि त्याच्यामागे ड्रॅग लिंक, पिटमन, बॉक्स सगळं मध्यावरून सरकतं. तेव्हा पुलर लावायच्या आधी गुण्या लावायचा. चाकं सरळ करून बेल क्रँकचा टाय रॉडकडचा आर्म पुढच्या ॲक्सलशी काटकोनात आहे का ते पाहणं पाच मिनिटांचं काम आहे.

तो तिरका निघाला तर क्रम असा. बॉक्स मध्यावर आणून स्टिअरिंग दोरीने बांधायचं. बेल क्रँक काटकोनात. मग आधी डावं चाक मागच्या चाकाशी दोरी धरून सरळ, त्याच्या रॉडवर; नंतर उजवं चाक त्याच्या रॉडवर, टो-इनसकट. बेल क्रँक काटकोनात असूनही बॉक्स बाजूलाच राहिला, तरच पिटमनचा दाता चुकलेला समजायचा.

त्यानंतर बॉक्सची ॲडजस्टमेंट, ड्रॅग लिंक सुटी ठेवूनच. डॅशखालचा कॉलमचा ब्रॅकेट आधी ढिला करायचा, कारण तो कॉलमला बाजूला ओढत असेल तर बॉक्स निर्दोष असूनही जड लागतो. साइड स्क्रू पूर्ण सैल सोडून वरच्या कव्हरखालचे शिम कमी करत कॅमच्या बेअरिंगची उभी हालचाल घालवायची, पण कॅम अडकता कामा नये. मग मध्यावर हलकीशी ओढ लागेल इतकाच साइड स्क्रू, आणि चेक नट. शेवटी चॅसिसचे बोल्ट, ब्रॅकेट सर्वांत शेवटी. तेल ईपी १४०. चॅसिस ग्रीस भरून गळती थांबवलेले बॉक्स बरेच दिसतात, पण घट्ट ग्रीस कॅमने एकदा बाजूला ढकललं की परत खाचेत येत नाही आणि पिना कोरड्या चालतात.

लिव्हर शाफ्टची ऑर्डर थांबवली आहे. साइड कव्हर उघडल्यावर पिनांच्या निमुळत्या भागावर चपटा पट्टा दिसला तरच ती द्यायची. पट्टा नसेल तर फक्त कव्हरचं गॅस्केट आणि शाफ्टचं सील लागेल.